तापायचं नाव न घेणारी गाडी

आमच्या थोरल्या दिरांना गार इंजिनाचा फार अभिमान होता. नव्या पेठेतल्या आमच्या दुकानात गिऱ्हाईक इरकली लुगडी बघायला बसलं की त्याला आधी चहा मिळायचा, मग लुगडी, आणि मग गाडीची गोष्ट. सोलापूरच्या उन्हात भल्याभल्यांच्या गाड्या उकळतात, आमच्या गाडीचा काटा मात्र जागचा हलत नाही, असं ते छाती फुगवून सांगायचे. गिऱ्हाईक मान डोलवायचं. त्याला भाव कमी करून हवा असायचा.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, पेट्रोल एकाएकी महाग झालं त्या हिवाळ्यातली. मी त्या घरातली धाकटी सून. सात रस्त्याजवळ आमचं घर होतं आणि अंगणात सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली करडी गाडी उभी असायची. सासरे गेले, गाडी राहिली. ती चालवणारी माणसं घरात दोनच, दीर आणि मी. माझ्या नवऱ्याला गाडीत बसलं की मळमळायचं, तो सायकलवर दुकानात जायचा आणि सायकलवर परत यायचा. मी लग्नाआधीच गाडी शिकले होते, कारण अक्कलकोटच्या पुढं एका खेड्यात माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती आणि पोती वाहायला एक खटारा जीप होती. सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेले. दर सोमवारी त्यांना सिद्धेश्वराच्या देवळात नेणं, डॉक्टरकडे नेणं, मंडईत नेणं, हे सगळं माझ्याकडे. बाईमाणसानं गाडी चालवलेली दिरांना मनातून कधी सोसली नाही. पण आईला देवळात न्यायचं तर गल्ला सोडून उठावं लागेल, म्हणून ते गप्प बसायचे.

गार इंजिनाची सुरुवात त्या वर्षीच्या वैशाखात झाली. तुळजापूरला जाताना वाटेत गाडी उकळली. बॉनेटमधून वाफा निघत होत्या, आम्ही सगळे बाभळीच्या सावलीला उभे होतो, आणि रेडिएटरचं झाकण उपरण्यानं उघडायला जाऊन दिरांनी हात भाजून घेतला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी विजापूर वेशीतल्या मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीनं काय केलं ते घरात कुणी विचारलं नाही. गाडी परत आली ती तापायचं विसरूनच आली. तापमानाचा काटा खाली जो लवंडला तो वर यायचं नावच घेईना.

मला ते खटकलं होतं. पावसाळ्यात एकदा मी दिरांना म्हटलंही, की भावजी, काटा वर येत नाही, सकाळी गाडी गचके खाते, चोक लवकर आत ढकलता येत नाही, एकदा दाखवून घ्या. त्यावर ते जाऊबाईंकडे बघत म्हणाले की गाडी गार आहे म्हणून रडणारी बाई मी पहिल्यांदाच बघतोय. जाऊबाई हसल्या. त्या नवऱ्याच्या प्रत्येक विनोदाला हसायच्या, तो त्यांचा नेमच होता. मी विषय सोडून दिला.

मग पेट्रोल महागलं आणि सगळ्यांचं लक्ष टाकीकडे गेलं. घरखर्चाची तिजोरी सासूबाईंच्या हातात, पेट्रोलचे पैसेही तिथूनच निघायचे. पूर्वी एकदा टाकी भरली की पंधरवडा बघायला नको, आता आठवडाही धड निघेना. गाडी किती मैल धावली ते दाखवणारं मीटर सासऱ्यांच्या वेळेपासून बंद होतं. त्यामुळे पेट्रोल जळतंय हे दिसत होतं, गाडी कुठं जाते हे कुणालाच सांगता येत नव्हतं. दिरांना मात्र ते बरोबर कळलं.

रविवारचं जेवण चाललं होतं. पुरुष पाटावर, सासूबाई खांबाला टेकून खुर्चीत, आम्ही दोघी जावा वाढतोय. दीर भाकरी मोडता मोडता, जणू पावसापाण्याची गोष्ट काढावी तसं म्हणाले, "अक्कलकोट रोडला आपली गाडी बघितली म्हणत होते लोक."

अक्कलकोट रोड म्हणजे माझ्या माहेरचा रस्ता, हे सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं की मी नागपंचमीनंतर माहेरी गेलेली नाही, आणि पंचमीलाही तुम्हीच मला एसटीत बसवून दिलं होतं. पेट्रोल जास्त जातंय ते इंजिनात काहीतरी बिघाड आहे म्हणून. इंजिन पेट्रोल पितंय.

"इंजिन पीत न्हाय," दीर म्हणाले. "चालवणारा पितो."

माझा नवरा ताटात बघत राहिला. जिला मी हाताला धरून देवळाच्या पायऱ्या चढवत होते, ती बाई एका शब्दानं म्हणाली नाही की धाकटी तसली नाही. त्याच दुपारी दिरांनी गाडीची किल्ली माझ्याकडून मागून घेतली आणि करदोड्याला बांधली. म्हणजे आता गाडी सुरू करायची तर आधी कमरेचं धोतर सैल करायची तयारी. तेवढ्यावर थांबले असते तर कदाचित मीही थांबले असते. भावकीतला त्रास म्हणून सोडून दिलं असतं. पण त्यांनी माझ्या माहेरी निरोप धाडला, की तुमची मुलगी आमचं पेट्रोल जाळून तुमच्याकडे चोरून येते, तिला आवरा.

वडील पुढच्याच एसटीनं आले. हातात हुरड्याची पिशवी होती. भांडायला येतानाही मुलीच्या सासरी रिकाम्या हातानं येऊ नये, असा तो माणूस. ओसरीवर दीर तक्क्याला टेकून बसलेले. वडिलांनी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला, आम्हा लिंगायतांत याहून मोठी शपथ नाही, आणि सांगितलं की माझी मुलगी पंचमीनंतर माझ्या दारात आलेली नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते.

दीर हसले. मोठ्यानं नाही, नाकातून. "गिरणीवाल्याची शपथ," ते म्हणाले. "दळण कमी भरलं तरी हीच घेत असाल की."

वडिलांनी पिशवी खांबाजवळ ठेवली आणि पाणीही न पिता ते निघून गेले. माझ्या वडिलांच्या गिरणीत दळण कमी भरल्याची तक्रार कधी आली नव्हती. आजूबाजूच्या गावांतल्या बायका जवळची गिरणी सोडून त्यांच्याकडे यायच्या. तो हुरडा त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी खाल्ला. दिरांनी तर तीळ-लसणाच्या चटणीबरोबर दोनदा मागून घेतला. मी त्यांना वाढलं, आणि वाढताना मनाशी ठरवलं. मला न्याय नको होता. न्याय पंचांकडे मागतात. मला ते नाकातलं हसू त्यांच्याच नाकात परत कोंबायचं होतं, तेही भरल्या ताटावर.

पण त्यासाठी गाडीला नेमकं काय झालंय ते मला आधी कळायला हवं होतं.

गिरणीचं इंजिन आणि गाडीचं इंजिन वेगळं, हे मला कळत होतं. तरी पाणी आणि आग दोन्हीकडे सारखीच. वडिलांच्या ऑइल इंजिनात टाकीचं पाणी फिरायचं आणि ते किती फिरवायचं ते नळाच्या चावीवर असायचं. नवा माणूस हटकून चावी पूर्ण सोडायचा, इंजिन जितकं गार तितकं चांगलं असं समजून. वडील त्याला इंजिनातून परत येणाऱ्या पाण्याखाली हात धरायला लावायचे. हात धरून एकदा 'ओम नमः शिवाय' म्हणता आलं पाहिजे, आणि दुसऱ्यांदा म्हणायच्या आत हात काढावा लागला पाहिजे. दोनदा म्हणून झालं तर पाणी फार गार, इंजिनात डिझेल अर्धंमुर्धं जळणार आणि दुप्पट जाणार. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते.

दीर आता रोज गाडी घेऊन दुकानात जाऊ लागले होते. दुपारी जेवायला यायचे आणि जेवून घोरत पडायचे. एका दुपारी त्यांचं घोरणं सुरू झाल्यावर मी अंगणात गेले. गाडी नुकतीच बाजारातून आलेली, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरवर तळवा ठेवला. ओम नमः शिवाय एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, पुढं मोजायचं सोडून दिलं. बाळंतिणीला न्हाऊ घालायला सुद्धा ते पाणी चाललं नसतं, इतकं कोमट. म्हणजे काटा खोटं बोलत नव्हता, इंजिन खरोखरच तापत नव्हतं. तेल ओतायच्या तोंडाचं झाकण फिरवून काढलं तर आतून दुधाळ चहासारखा चिकट फेस. इंजिन पुरतं तापलं तर आत धरलेली ओल उडून जाते, इथं ती तेलात मिसळून बसली होती. तेल बघायची पट्टी वर काढून नाकाला लावली. तिला पेट्रोलचा वास येत होता. न जळलेलं पेट्रोल खाली तेलात उतरत होतं. सहा महिने पेट्रोल कोण पीत होतं ते मला त्या पट्टीवर मिळालं. मी पट्टी पुसून जागेवर ठेवली आणि आत जाऊन भांडी घासली.

राहिला एकच प्रश्न, इंजिन तापत का नाही. त्याचं उत्तर अमावास्येला मिळालं. आमच्याकडे अमावास्येला गल्ल्याची, तराजूची आणि गाडीची पूजा असते. गाडी सुरू करायची, बॉनेट उघडायचं, सुनांनी इंजिनाला हळदकुंकू लावायचं, लिंबू कापायचं, नारळ फोडायचा. सकाळी गारठ्यात दिरांनी गाडी सुरू केली. मी कुंकवाची वाटी घेऊन पुढं झाले आणि कुंकू लावता लावता इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या रबरी नळीवर बोटं ठेवली. ही नळी बराच वेळ थंडगार राहायला हवी. तिच्या तोंडाशी एक पितळी झडप असते, थर्मोस्टॅट म्हणतात तिला. इंजिन तापेपर्यंत ती मिटलेली असते आणि तापल्यावर उघडून पाणी गार व्हायला पुढं सोडते. इथं गाडी सुरू झाल्याझाल्या नळीतून पाणी खळखळ वाहत असलेलं बोटांना कळत होतं, आणि ते आस्ते आस्ते कोमट होत होतं. झडप अडकून उघडी राहिली होती, नाहीतर तिथं नव्हतीच. जाऊबाई मागून म्हणाल्या की किती वेळ लावतेस, आम्हालाही लावू दे कुंकू.

त्या आठवड्यात मंडईला जायचं निमित्त करून मी चालत विजापूर वेशीत गेले. मिस्त्री म्हातारा होता, सरळ होता. मी विचारल्यावर त्यानं डोक्याची टोपी मागं सारली. "मैंच निकाल्या ना बाई," तो म्हणाला. "गर्मी में सबकी निकालते हम. ठंडी आई तो वापस बिठाना बोलके मैं बोल्या था सेठ कू. उनो बोले, मेरे कू नक्को सिखा."

सोलापुरातली तेव्हाची रीतच होती ती. उन्हाळा लागला की टॅक्सीवाले आणि जीपवाले ही झडप काढून ठेवायचे, अडकली तर गाडी उकळेल म्हणून. शहाणी माणसं दिवाळीच्या सुमारास ती परत बसवायची, बाकीची विसरून जायची. न बसवता वर त्याची फुशारकी मारणारे आमचे दीर एकटेच असावेत. मिस्त्रीनं काढलेली झडप त्यांच्याच हातात दिली होती आणि त्यांनी ती गाडीच्या डिक्कीत फेकली होती. शिकवायला गेला म्हणून दीर त्यानंतर त्याच्याकडे फिरकलेही नव्हते.

डिक्कीचं कुलूप मोडलेलं होतं, सुतळीनं बांधून ठेवलेली असायची. घरी आल्यावर मी सुतळी सोडली. जॅकच्या मागं, तेलकट फडक्यात ती झडप पडली होती. लिंबाएवढी वस्तू. ती हातात घेऊन मी तशीच ओसरीवर जाऊन सगळ्यांना दाखवू शकले असते. तेवढ्यानं माझ्यावरचा आळ गेला असता. पण मग दीर म्हणाले असते, अस्सं होय, बरं झालं सापडली, आणि तांब्याभर पाणी पिऊन दुकानात गेले असते. माझ्या वडिलांच्या वाट्याला काय आलं असतं? मी झडप पदराखाली घातली, वर आले आणि माझ्या लग्नाच्या ट्रंकेत शालूच्या घडीखाली ठेवून दिली. मग वाट बघत बसले.

वाट बघायला मला फारसे कष्ट पडले नाहीत. गाडी माझं काम करत होती. किल्ली दिरांच्या कमरेला, गाडीत दीर एकटे, आणि पेट्रोल तसंच जात होतं. उलट थंडी वाढली तसं जास्तच जाऊ लागलं, कारण इंजिन गचके खाऊ नये म्हणून ते जास्तीचं पेट्रोल सोडणारा चोक ओढूनच गाडी चालवायचे. त्यांनी दुसऱ्या एका मिस्त्रीकडून कार्ब्युरेटर साफ करून घेतला, प्लग बदलले, टाकी गळते का म्हणून अंगणात खाली वाकून बघितलं. नवे प्लगही काजळून काळे झाले. गार इंजिनाचा संशय मात्र त्यांना आला नाही, कारण आपल्या अभिमानाच्या जागेवर कोण संशय घेतो. पैसे मागायला ते तिजोरीपाशी गेले की सासूबाई काही न बोलता किल्ल्यांचा जुडगा काढायच्या आणि त्यांच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघायच्या. मी ते लांबून बघायचे. भाजी निवडत बसले असले तर त्या दिवशी भाजी फार छान निवडली जायची.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला घर पाहुण्यांनी भरलं. दिरांचे मामा, मावश्या, त्यांची पोरंबाळं. पंगत बसली होती, बाजरीची भाकरी आणि शेंगाभाजी. दिरांनी टाकी पुन्हा रिकामी झाल्याचं सकाळीच आईला सांगितलं होतं. सासूबाईंनी तो विषय पंगतीतच काढला. त्यांनी मुद्दाम काढला की सहज, ते मला आजही सांगता येणार नाही.

"गाडी आता तूच चालवतोस न्हवं?" त्या म्हणाल्या.

दीर व्हय म्हणाले.

"मग कुटं जाती एवढी? दुकान तर हाकेवर हाय. धाकटीचं एक माहेर हाय म्हणू. तुझं कुटं हाय रे?"

मामा हसले. पंगतीत दोनचार जण हसले. जाऊबाईंच्या हातातला डाव भांड्यावरच थांबला, त्या हसल्या नाहीत. मी आमटीचं भांडं घेऊन दिरांच्या पुढ्यात आले होते. वसुलीसाठी त्यांची एसटीनं बार्शीला फेरी असते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी आमटी वाढता वाढता, पावसापाण्याची गोष्ट काढावी तशाच आवाजात म्हटलं, "बार्शी रोडला आपली गाडी बघितली म्हणत होते लोक."

दिरांनी मान वर केली. "कोण लोक?"

"लोक," मी म्हटलं, आणि पुढच्या ताटाकडे सरकले.

ते धडधडीत खोटं होतं. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण त्यांनाही अक्कलकोट रोडचं कुणी सांगितलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला त्या क्षणी कळलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्यांनी गळ्यातल्या लिंगावर उष्टाच हात ठेवला आणि भरल्या पंगतीत शपथ घेतली, की दुकान आणि घर सोडून गाडी मी कुठं नेत नाही. मामा ताटातली शेंगाभाजी चिवडत बसले. मी नाकातून हसायचं ठरवून ठेवलं होतं. एवढे दिवस त्याची वाट बघितली होती. पण त्याची गरजच पडली नाही, न हसताच काम झालं होतं.

जाऊबाईंनी त्या रात्रीपासून आपलं अंथरूण सासूबाईंच्या खोलीत घातलं. बार्शीच्या बाजारात कुणीतरी आहे, ती गोरी आहे, तिला पाटल्या केल्यात, इथपर्यंत त्यांनी मनानंच रचून ठेवलं आणि स्वयंपाक करता करता मला ऐकवलं. मला त्यांची दया आली, आली नाही असं नाही. पण माझा बाप पाणी न पिता पायरी उतरला त्याच संध्याकाळी याच बाई हुरडा सोलत बसल्या होत्या. मी कणीक मळत राहिले.

पाहुणे गेले. दीर एक दिवस स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत ते त्या दारात कधी आले नव्हते. माझ्याकडे न बघता चुलीकडे बघत म्हणाले की तुला इंजिनातलं कळतं म्हणतात, जरा बघ, काय बिघाड आहे तो.

"बघते की," मी म्हटलं. "पण माझ्या अप्पांच्या देखत बघणार. तुम्ही जाऊन त्यांना घेऊन या. ह्याच गाडीतनं."

ते ताडकन वळले आणि निघून गेले. दोन दिवस धुसफुसत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी अक्कलकोट रोडला लागली. माझ्या माहेरी त्यांनी काय सांगितलं, किती विनवण्या केल्या, ते मला कळलं नाही. वडील यायला तयार नव्हते म्हणे. शेवटी आईच्या आग्रहानं ते गाडीत बसले.

मी अंगणात स्टोव्ह पेटवून ठेवला होता. सासूबाईंची खुर्ची बाहेर आणून मांडली होती, नवऱ्याला दुकान उशिरा उघडायला लावलं होतं, आणि विजापूर वेशीतल्या मिस्त्रीलाही बोलावून घेतलं होतं. वडील उतरले, पण ओसरीवर चढले नाहीत. अंगणातच उभे राहिले. मी ट्रंकेतून झडप आणली, दोऱ्याला बांधली आणि पातेल्यातल्या पाण्यात सोडली. पाणी गार होतं तोवर ती घट्ट मिटलेली. पाण्याला आधण आलं तशी तिनं हळूच तोंड उघडलं. बाहेर काढून गार पाण्यात धरली, पुन्हा मिटली. सासूबाई वाकून बघत होत्या. ती चांगली आहे एवढं दाखवून मी मिस्त्रीच्या पान्यानं बोल्ट सोडले, आतली रिकामी जागा सगळ्यांना दाखवली, झडप बसवली आणि धोतरजोडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, ग्रीस लावून त्यावर झाकण आवळलं. मग गाडी सुरू करायला लावली आणि सासूबाईंचा हात धरून वरच्या नळीवर ठेवला. नळी थंड. बराच वेळ थंड. सगळे उभे. मग एकाएकी सासूबाईंनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. आत काटा वर सरकत मध्यावर येऊन थांबला होता.

दीर लगेच मिस्त्रीकडे वळले. "ह्यानंच काढली होती."

मिस्त्री काही बोलायच्या आत मी विचारलं, "आणि परत बसव म्हणाला तेव्हा काय सांगितलं त्याला?"

दीर उपरण्यानं बॉनेटवरची धूळ पुसू लागले. सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "किल्ली दे तिला." गाडी चालू होती, किल्ली करदोड्यासकट गाडीला लटकत होती, कारण घाईघाईत गाठ सुटेना म्हणून त्यांनी करदोडाच तोडून काढला होता. त्यांनी गाडी बंद करून ती तशीच माझ्या हातात दिली. मग सासूबाई म्हणाल्या, "आता त्यांच्या पाया पड."

दीर वाकले. आमच्याकडे कुणी पाया पडायला वाकला की मोठं माणूस पाय मागं घेतं, असू द्या असू द्या म्हणतं, वाकणाऱ्याला मध्येच धरतं. माझ्या वडिलांनी पाय मागं घेतले नाहीत. दिरांचं कपाळ त्यांच्या पायतणाला लागेपर्यंत ते सरळ उभे राहिले. मी डोळे भरून ते बघितलं, आणि आजही मन खट्टू झालं की तेच आठवते.

वडिलांनी पाणी घेतलं, पण जेवायला थांबले नाहीत. मी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि कुणाला न विचारता गाडी बाहेर काढली. अक्कलकोटला जायला नव्या पेठेत शिरायचं काही कारण नव्हतं. तरी मी शिरले, ऐन बाजाराच्या वेळी. आमच्या दुकानासमोर जोरात हॉर्न दिला. शेजारचे दुकानदार पायरीवर आले. नवरा तोवर सायकलवर पोचला होता, दार उघडत होता. त्यानं एक हात वर केला.

गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. मला फार हलकं वाटत होतं, मी दिरांच्या चेहऱ्याबद्दल, तुटलेल्या करदोड्याबद्दल भरभरून बोलत होते. वडील नुसते ऐकत होते. मग ते कानडीत बोलले. आमच्या कानडीत मुलीलाही लाडानं अव्वा म्हणतात.

"अव्वा," ते म्हणाले, "त्या दिवशी लिंगावर हात ठेवला तेव्हा मला एकच वाटलं. ही शपथ खोटी असती तर बरं झालं असतं."

समोरून बैलगाडी आली, मी तिला वाट दिली.

"तुझी आई रोज संध्याकाळी गिरणीच्या दारात उभी राहून रस्त्याकडं बघती," ते म्हणाले. "पोरीच्या घरी गाडी हाय, पोरीला चालवता येती, कधीतरी येईल म्हणती."

किती वर्षं ती किल्ली माझ्या हातात होती. रस्ता तासाभराचा. आणि मी दर पंचमीला, कुणी पाठवलं तर, एसटीनं गेले होते. चोरीचा आळ माझ्यावर आला, पण ती चोरी करायचं मला कधी सुचलंच नव्हतं. दिरांचा सूड घेऊन झाला होता, आता हा राग कुणावर काढायचा ते कळेना. मी गिअर टाकला आणि गाडी पळवली.

संध्याकाळपर्यंत परत येते, असं मी सासूबाईंना सांगितलं होतं. मी पुढच्या सोमवारपर्यंत राहिले. रोज आईला शेजारी बसवून शिवारातून, शेजारच्या गावांतून, कुठं जायचं नसताना गाडी फिरवली, टाकी कोरडी पडेपर्यंत.